डोंगर आधी ठरवा, तिकीट मग

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो होतो, की स्वित्झर्लंडमधलं झुरिक महाग आहे, पण आपल्याला परवडायचंच नाही असं काही नाही. त्यावर देवगडपासून दापोलीपर्यंतची पत्रं आली. सूर एकच : वाक्य टाकून मोकळे झालात, आता हिशेब द्या. एस.टी.च्या चिपळूण आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे वेळापत्रक आणि तिकीट या दोन विषयांवर मला कोणी थांबवू शकत नाही. मुलगी-जावई तिकडे झुरिकजवळच्या विंटरथूरला असतात, म्हणून जाणं-येणं असतं. एक स्विस फ्रँक सध्या शंभर रुपयांच्या पुढे आहे, हे धरून पुढचे आकडे वाचा. दर वर्षाला थोडे सरकतात, निघण्याआधी पडताळून घ्या.

प्रश्न : काका, आमची हापूसची बाग आहे. मार्च ते मे डोकं वर काढता येत नाही. पाऊस लागला की लावणी, मग गणपती. आम्ही दोघांनी जायचं कधी? रोजचा खर्च किती धरायचा? आणि शेतकऱ्याला व्हिसा देतात का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : विसर्जन झालं की निघा आणि भातकापणीच्या आत परत या. तुमच्या सोयीसाठी सांगतोय असं समजू नका, तिकडे डोंगर फिरायला सप्टेंबरसारखा महिना नाही. उंचावरच्या पायवाटांवरचं बर्फ जूनपर्यंत हटत नाही. जुलै-ऑगस्टात सगळा युरोप सुटीवर, त्यामुळे खोल्यांचे भाव चढलेले. सप्टेंबरात गर्दी ओसरते, हवा स्वच्छ असते, आणि उन्हाळाभर डोंगरावर चरायला ठेवलेल्या गाई गळ्यात मोठाल्या घंटा, डोक्यावर फुलं बांधून खाली गावात आणतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. ऑक्टोबर सरत आला की मात्र शहरावर धुकं बसायला लागतं, आणि नोव्हेंबरात बऱ्याच दोरगाड्या (रोपवे) दुरुस्तीसाठी बंद असतात.

खर्चाचं म्हणाल तर विमान सोडून दोघांचा दिवस दोनशे फ्रँकच्या आसपास बसवता येतो. त्यात वसतिगृहातली खाट, दुकानातून आणलेलं खाणं आणि गाडीभाडं आलं. त्याखाली ओढाताण होते. दोनशेचे चारशे व्हायला मात्र एक हॉटेल आणि एक चुकीचा डोंगर पुरे.

व्हिसा शेतकऱ्यालाही देतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो, सेवाशुल्क वेगळं, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. तुमची अडचण वेगळी आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये तुमची ऐपत दिसत नाही. ती बँकेच्या उताऱ्यात दिसली पाहिजे. वाशीच्या आडत्याकडून पैसे एप्रिल ते जून येतात ना? मग अर्ज जुलैत करा, म्हणजे उतारा भरलेला असेल. सोबत सात-बारा आणि आडत्याच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडा. आयत्या वेळी कोणाकडून लाखभर रुपये आणून खात्यात भरू नका. असे आगंतुक पैसे बघणाऱ्याला लगेच कळतात.

प्रश्न : ट्रॅव्हल एजंट म्हणतो, स्विस पास घेतला नाहीत तर बुडालात. खरं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : एजंटचं कमिशन कशात आहे ते आधी विचारा.

आपल्या एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आठवा. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. तो कोणाला परवडायचा? जो सकाळी चिपळूण, दुपारी कोल्हापूर, रात्री पंढरपूर करायचा त्याला. चिपळुणातच बहिणीकडे मुक्काम ठोकून बसणाऱ्याने तो घेतला तर आम्ही खिडकीतून त्याच्याकडे बघायचो. स्विस ट्रॅव्हल पासचंही तसंच. तो तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. तीन दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास अडीचशे फ्रँकच्या आसपास पडतो, म्हणजे दिवसाला ऐंशीच्या वर. उलट झुरिक शहरातल्या ट्राम, बस, लोकल गाड्यांचं चोवीस तासांचं तिकीट नऊ-साडेनऊ फ्रँकला मिळतं. आता सांगा, तीन दिवस झुरिकातच राहणाऱ्याने ऐंशी का मोजायचे?

हे चोवीस तासांचं तिकीट एकेरी तिकिटाच्या बरोबर दुप्पट असतं. म्हणजे जाऊन परत आलात की पैसे फिटले, पुढचं सगळं फुकट. आणि ते मध्यरात्री मरत नाही, घेतल्यापासून चोवीस तास चालतं. संध्याकाळी चारला घेतलंत तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत. दिवसाची सुरुवात संध्याकाळी करायची ही युक्ती मला फार आवडली. शहर म्हणजे ११० क्रमांकाचा झोन. विमानतळ त्याच्या बाहेर आहे, युटलिबर्गचा डोंगरही बाहेर आहे. यंत्रावर झोन विचारतात तिथे घाई करू नका.

दुसरं तिकीट पर्यटकांना कोणी सांगत नाही. झुरिकच्या वाहतूक मंडळाचा सकाळी नऊनंतरचा एक दिवसाचा पास असतो. सोमवार ते शुक्रवार नऊनंतर, शनिवार-रविवारी दिवसभर. तिसाच्या आत मिळतो आणि झुरिक परगण्यातल्या सगळ्या झोनमध्ये चालतो. ज्याला एका दिवसात डोंगर, तळ्याकाठचं गाव आणि विमानतळ असं सगळं उरकायचंय त्याच्यासाठी हा पास.

आता झुरिकच्या बाहेर. लुझर्न, इंटरलाकेन, बर्न अशी रोज एक लांबची फेरी असेल तर पास घ्याच. आठवड्यात दोन-तीनच लांबच्या फेऱ्या असतील तर महिनाभर चालणारं अर्ध्या भाड्याचं कार्ड घ्या. गाड्या, बोटी आणि बहुतेक डोंगरगाड्या निम्म्या भाड्यात. आणि तारीख आधीच पक्की असेल तर रेल्वेचा सवलतीचा दिवस-पास बघा. तो ५२ फ्रँकपासून सुरू होतो, अर्ध्या भाड्याचं कार्ड असेल तर २९ पासून. जितक्या आधी घ्याल तितका स्वस्त, सहा महिने आधीपासून मिळतो. एकदा घेतला की पाऊस पडो, कड कोसळो, तारीख तीच. म्हणून तो शहर ते शहर प्रवासाच्या दिवसासाठी ठेवा, डोंगराच्या दिवसासाठी नको.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी कागदावर डोंगर लिहा. मग त्यांची एकेरी भाडी रेल्वेच्या ॲपवर बघून बेरीज करा. पास त्या बेरजेहून स्वस्त असेल तर पास घ्या, नसेल तर नका. पाच मिनिटांचं गणित आहे, पण लोक घाबरून पास घेतात.

एक ताकीद. तिकडे स्टेशनात अडवणारी दांडकी नाहीत, गाडीत चढताना कोणी विचारत नाही. म्हणून तपासणी नाही असं समजू नका. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि विनातिकीट सापडलात तर शंभरेक फ्रँक मोजावे लागतात. भाषा येत नाही, यंत्र कळलं नाही, ही कारणं मी इकडे नोकरीत पुष्कळ ऐकली. तिकडेही ती चालत नाहीत.

प्रश्न : युरोपला जाऊन युंगफ्राउला गेलो नाही तर लोक काय म्हणतील? शाळेतल्या सगळ्या सहकारी विचारतात.
— एक शिक्षिका, दापोली

उत्तर : बाई, लोक काय म्हणतील याचे दोनशे फ्रँक होतात, तेही माणशी.

युंगफ्राउयोख ही डोंगरातली खिंड ३,४५४ मीटरवर आहे. खडकातून बोगदा खणून १९१२ साली तिथे गाडी नेली, ही गोष्ट मोठी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण हंगामात इंटरलाकेनहून वर जाऊन यायला दोनशे फ्रँकच्या वर लागतात, आणि त्यात झुरिक ते इंटरलाकेन धरलेलं नाही. स्विस पासवर तिथे पाव भागच सवलत. एवढे पैसे भरून वर ढग असला तर समोर नुसतं पांढरं. ढग बघायला आपला आंबा घाट आहे. जायचंच असेल तर सकाळी वरचा कॅमेरा फोनवर बघा, आकाश निळं दिसलं तरच तिकीट काढा.

माझं मत विचाराल तर पैसे खर्चायचा एक डोंगर रिगी. उंची १,८०० मीटरला जरा कमी. तळ्याकाठच्या फिट्झनाउहून वर जाणारी त्याची दातेरी रुळांची गाडी २१ मे १८७१ रोजी सुरू झाली. युरोपातली ही पहिली डोंगरगाडी. स्विस पास असेल तर रिगी पूर्ण फुकट, अर्ध्या भाड्याचं कार्ड असेल तर निम्म्यात. लुझर्नहून तासाभराची बोट, फिट्झनाउला उतरलं की धक्क्यासमोरच गाडी उभी. शक्यतो उताराच्या बाजूच्या खिडकीत बसा. खाली इंजिनाचं दातेरी चाक मधल्या रुळात अडकत जातं, त्याचा एकसारखा कडकड आवाज पायाला कळतो. बाहेर तळं एकेक वळणाला खाली खाली जातं. वरून परत येताना वाटेतल्या काल्टबाड स्टेशनापर्यंत पायी उतरा, तासाभराची सोपी वाट आहे. दुसऱ्या बाजूने आर्ट-गोल्डाउला उतरलात तर तिथून झुरिकची थेट गाडी मिळते.

बाकीचे डोंगर झुरिकच्या वाहतूक मंडळाच्या तिकिटात करा. झुरिकच्या मुख्य स्टेशनात तळघरातल्या २१-२२ क्रमांकाच्या फलाटावरून एस १० ही गाडी युटलिबर्गला जाते. वीस-पंचवीस मिनिटं. ही १८७५ सालची लाइन, आणि तिच्यात दातेरी रूळ नाहीत. साधी चाकं, साधे रूळ, आणि चढ जवळजवळ आठ टक्के. माझ्यासारख्या माणसाने बघण्यासारखी गोष्ट डोंगराआधी ती गाडीच! वर ८७० मीटरवरून पायाखाली शहर, पुढे तळं, आणि हवा उघडी असेल तर मागे बर्फाची रांग. ऑक्टोबरात तर शहरावर धुक्याची चादर असते आणि युटलिबर्गच्या माथ्यावर लख्ख ऊन. खाली अंधारलेलं दिसलं म्हणून हॉटेलात बसू नका.

तिथून फेल्झेनएगपर्यंत कड्याच्या माथ्यावरून दोन तासांची जवळपास सपाट वाट आहे. शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट : या वाटेवर सूर्यमाला मांडली आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. सूर्य माणसाच्या छातीएवढा, पृथ्वी जेमतेम १३ मिलिमीटरची आणि सूर्यापासून दीडशे मीटरवर. पहिले चार ग्रह बोलता बोलता संपतात. नेपच्यून गाठायला मात्र साडेचार किलोमीटर चालावं लागतं. फळ्यावर वर्तुळं काढून हे समजत नाही, पाय दुखले की समजतं. फेल्झेनएगहून दोरगाडीने आडलिसविलला उतरायचं, तिथून लोकलने झुरिक. ती दोरगाडीही वाहतूक मंडळाच्याच तिकिटात येते, फक्त तिकिटात तो झोन असला पाहिजे. नऊनंतरचा पास असला की हे बघावंच लागत नाही.

गर्दी नको असेल तर हर्न्लीचा डोंगर. विंटरथूरहून ट्योस खोऱ्यातली गाडी घ्यायची, श्टेगला उतरायचं आणि सव्वा-दीड तास चढायचं. उंची १,१३३ मीटर, माथ्यावर उपाहारगृह, समोर झेंटिसचं शिखर. हिरवी कुरणं, गाईंच्या घंटा, लाकडी बाकं, चित्रातलं जे स्वित्झर्लंड म्हणून माणसं हजारो रुपये भरतात ते सगळं तिथे आहे. पर्यटक कोणी नसतो. भेटतात ते गावातले म्हातारे-म्हाताऱ्या, आणि प्रत्येक जण ‘ग्रुएत्सी’, म्हणजे नमस्कार, म्हणतो. आपणही म्हणावं.

पायवाटांच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. ती वेळ न थांबता चालणाऱ्याची. आपण फोटो काढतो, डबा उघडतो. दीडपट धरा. नुसत्या पिवळ्या खुणेची वाट सगळ्यांसाठी, पांढरी-लाल-पांढरी दिसली की बूट चांगले हवेत, पांढरी-निळी-पांढरी दिसली की मागे फिरा.

प्रश्न : तुमची मुलगीच तिथे आहे. तुम्हाला हॉटेलचे भाव काय कळणार?
— नाव नको, खेड

उत्तर : खेडची माणसं अशीच विचारतात, हरकत नाही. माझे जुने सहकारी आणि त्यांचं कुटुंब तिकडे आलं तेव्हा खोली मीच शोधली होती.

झुरिकचं युथ हॉस्टेल वोलिसहोफेनला आहे. वयाची अट नाही, साठीच्या नवरा-बायकोलाही घेतात. चादर-पांघरूण आणि सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली असते. ती न्याहारी पोटभर करा, दुपारचं निम्मं जेवण तिथेच होतं. खोली अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावी लागते हे मात्र घरून निघतानाच मनाला सांगून ठेवा. दोघांची वेगळी खोली मिळते, पण लवकर संपते.

बाहेरगावी राहणं स्वस्त पडेल असं सगळ्यांना वाटतं. विंटरथूर वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, खोल्या थोड्या स्वस्त मिळतात. पण रोजच्या जाण्या-येण्याचं तिकीट त्यात मिळवा आणि मग तुलना करा. दोन रात्रींसाठी बहुधा काही वाचत नाही. आणखी एक : बासेल किंवा बर्नला हॉटेलात उतरलं की तिथल्या शहरातल्या ट्राम-बसचं तिकीट पाहुण्याला फुकट मिळतं. झुरिकमध्ये तशी सोय नाही. ज्याला फक्त डोंगर बघायचेत त्याने झुरिकमध्ये दोन रात्री काढून पुढे सरकावं हे उत्तम. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तर झुरिकमध्ये उतरूच नका, स्ट्रीट परेड या नाचगाण्याच्या मिरवणुकीला लाखो लोक येतात आणि खोल्या मिळत नाहीत.

प्रश्न : मी शाकाहारी. ह्यांना मासे लागतात. आंब्याची पेटी नेली तर चालेल का मुलाला? आणि सुके बांगडे?
— एक गृहिणी, सावंतवाडी

उत्तर : ताई, हापूस नेऊ नका. बाहेरच्या देशातून ताजी फळं-भाज्या रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय आत नेता येत नाहीत. नारळ, केळं, अननस, खजूर अशी मोजकी सोडली आहेत, आंबा त्यात नाही. दूध, दुधाचे पदार्थ, मांस, अंडी, मध हेही बंद. म्हणजे साजूक तुपाची बरणी घरीच ठेवा. आंबापोळी, कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी न्या. सुक्या बांगड्यांबद्दल एवढंच सांगतो, की बंद इमारतीच्या सामाईक स्वयंपाकघरात ते भाजलेत तर मुलाला घर बदलावं लागेल.

हॉटेलात एका माणसाचं साधं जेवण पंचवीस-तीस फ्रँक. म्हणून दुकानं ओळखा : मिग्रो, कोप, डेनर, आल्डी, लिडल. मिग्रोचा ‘एम-बजेट’ आणि कोपचा ‘प्री गारांती’ हे सगळ्यात स्वस्त माल, पाव-दूध-दही-चीज त्यातलंच घ्या. दुकान बंद व्हायच्या सुमाराला तयार सॅलड-सँडविचवर पंचवीस, पन्नास टक्के सवलतीचे बिल्ले चिकटवतात. ती वेळ साधा. रविवारी मात्र सगळं बंद. उघडी असतात ती स्टेशनातली आणि विमानतळावरची दुकानं, म्हणून शनिवारी संध्याकाळी रविवारची बेगमी करा.

पाणी विकत घ्यायचं नाही. झुरिकमध्ये बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि पाटी नसेल तर त्यांचं पाणी पिण्याचं असतं. बाटली भरा आणि चला.

एकदा चैन करायची तर हिल्ट्लमध्ये करा. १८९८ सालापासूनचं शाकाहारी हॉटेल आहे, जगातलं सगळ्यात जुनं म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. भारतीय पदार्थही असतात. मांडलेल्या पदार्थांतून आपण ताट वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. बटाट्याने ताट भरू नका, तो घरी मिळतो.

प्रश्न : वय ६८, गुडघे गेलेले. डोंगर जमणार नाहीत. मग जावं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जरूर जा. सेंट्रल चौकातून पोलिबान नावाची लाल डब्याची तारेने ओढली जाणारी छोटी गाडी रुळांवरून टेकडीवर नेते. १८८९ पासून चालू आहे आणि शहराच्याच तिकिटात येते. वर आइनस्टाइन शिकले ती संस्था, आणि तिच्या गच्चीवरून सगळं जुनं शहर दिसतं. ग्रोसम्युन्स्टर चर्च फुकट आहे, त्याच्या काही खिडक्या काचेऐवजी अकीकाच्या चकत्यांच्या आहेत. नदीपलीकडच्या फ्राउम्युन्स्टर चर्चला पाच फ्रँक पडतात, ते खुशाल द्या. चित्रकार शागालने केलेल्या पाच उंच खिडक्या तिथे १९७० साली बसवल्या. सकाळी उन्हाच्या वेळी जा, बाकावर बसायला मिळतं. बानहोफश्ट्रासे या रस्त्यावरची दुकानं बाहेरूनसुद्धा बघितली नाहीत तरी चालेल.

एक दिवस ऱ्हाइनचा धबधबा. उंची २३ मीटरच, पण रुंदी दीडशे मीटर. पावसाळ्यातल्या मार्लेश्वरची उंची डोक्यात ठेवून जाल तर आधी हिरमोड होईल, मग पाण्याचा लोट बघून बोलणं थांबेल. नॉयहाउजेनच्या बाजूने फुकट, समोरच्या लाउफेन किल्ल्याच्या बाजूने पाच फ्रँक. किल्ल्याच्या बाजूला पायऱ्या आहेत, तुम्ही नॉयहाउजेनलाच उतरा.

प्रश्न : मोबाइलचा चार्जर चालतो का?
— एक विद्यार्थी, मालवण

उत्तर : दोन गोल पिनांचा चालतो. तीन पिनांचा आपला प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर इकडूनच न्या, तिकडे त्याचे पैसे ऐकून घाम फुटेल.